खिडकीजवळची रिकामी जागा

(विमानतळाचा आगमनकक्ष. गणवेशातली आत्या बॅग ओढत बाहेर आली आहे. भाची कठड्यापाशी उभी.)

आत्या : थांब, थांब. मिठ्या नंतर मार. आधी सांग, तू इथे आलीस कशी? तू तर येणार नव्हतीस.

भाची : विमानाने येणार नाही म्हटलं होतं. रेल्वेने आले. परवा निघाले, आत्ता पोचतेय. तोंडसुद्धा धुतलेलं नाही.

आत्या : तेच म्हटलं, कोण ही भुतासारखी कठड्याला लटकलीय! एवढा प्रवास बसून केलास? कशाला?

भाची : तुझं शेवटचं उड्डाण. तू उतरताना मी घरी बसू? काचेतून पाहिलं मी. चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही.

आत्या : वारा बरा होता.

भाची : उगाच वाऱ्याला श्रेय देऊ नकोस. आई-बाबा कुठेत?

आत्या : सामानाच्या पट्ट्यापाशी. दादाची बॅग जगात सगळ्यांत शेवटी येते. निवृत्त होणाऱ्याच्या घरच्यांना कंपनीने जागा दिल्या होत्या. तुझी खिडकीची होती. रिकामी आली.

भाची : माहीत आहे.

आत्या : लहानपणी खिडकी मिळाली नाही तर अख्खं विमान डोक्यावर घ्यायचीस.

भाची : आत्या, तू चिडली आहेस.

आत्या : मी? छे.

भाची : टीव्हीवरच्या त्या चर्चेनंतर माझा एकही फोन उचलला नाहीस.

आत्या : उचलून काय बोलणार होते? भरल्या सभागृहात, कॅमेऱ्यांपुढे त्या सूत्रसंचालकाने माझा गणवेशातला फोटो पडद्यावर लावला. म्हणाला, "हवा बिघडतेय म्हणता, मग ह्यांना आधी का नाही सांगत? लोका सांगे ब्रह्मज्ञान!" सगळं सभागृह खो खो हसलं. आणि तू काय म्हणालीस?

भाची : म्हणाले, ही माझी आत्या. तिच्यासारखी वैमानिक मी पाहिलेली नाही. आणि तिच्या प्रत्येक उड्डाणाचा धूर माझ्या हिशेबात धरलेला आहे. दोन्ही खरं आहे.

आत्या : दुसरं वाक्य गिळता आलं नसतं?

भाची : आलं असतं. मग तो म्हणाला असता, घरचं माणूस आलं की हिचं विज्ञान गप्प बसतं. आणि बरोबरच म्हणाला असता.

आत्या : असलं खरं घरात बोलावं, ठमे. चव्हाट्यावर नाही. मी नवीन असताना माझा आवाज ऐकून एक गृहस्थ विमानातून उतरून गेले होते. "बाई चालवणार असेल तर नको." त्यांना मी उत्तर दिलं नाही. उरलेल्यांना नीट पोचवलं. असं एकेक करून कमावलेलं नाव, आणि माझीच भाची जगाला काय सांगते? धूर!

भाची : तुला दुखलं. त्याची माफी मागते. वाक्याची नाही मागत. दुखलं, त्याची मागते.

आत्या : वकील व्हायला हवी होतीस तू.

सहवैमानिक : मॅडम! अहो मॅडम, टोपी राहिली कॉकपिटमध्ये. धावत आलोय. घ्या... आणि ह्या? टीव्हीवरच्या त्या ह्याच ना?

आत्या : हीच. माझी भाची. डोंगरांवरचा बर्फ मोजते. ठमे, हा माझा को-पायलट. हात झकास आहे, जिभेला मात्र ब्रेक नाहीत.

सहवैमानिक : नमस्कार. राग मानू नका, पण भेटलात म्हणून विचारतो. तुम्ही विमान टाळलंत, म्हणून विमान उडायचं राहिलं का? तुमची रिकामी खुर्ची घेऊन आलोच की आम्ही. इंधन जळायचं ते जळलंच.

भाची : खरंय. आजच्या धुरात माझ्यामुळे काडीचाही फरक पडला नाही.

सहवैमानिक : मग हा आटापिटा कशाला?

भाची : मी लोकांपुढे उभी राहून सांगते, जिथे दुसरी वाट असेल तिथे ती धरा. मला वाट होती. मीच ती धरली नाही, तर माझं कोण ऐकेल?

सहवैमानिक : पण बर्फ मोजायला तुम्ही विमानानेच जाता ना?

भाची : जाते. तिथे रूळ नाहीत. तो धूरही धरलाय, माझ्या नावावर. आणि आजारी आईकडे धावणाऱ्याला मी विमानात बसू नका म्हणणार नाही. मी काय पोलीस आहे? एकट्यादुकट्याच्या काटकसरीने हे भागणार नाही, हेही सांगते. वीज कशी करतो, कारखाने कशावर चालवतो, ते सगळं बदलावं लागेल. पण म्हणून माझा वाटा कोणी माफ करत नाही.

सहवैमानिक : हवामान काय, आजोबांच्या काळापासून बदलतंय. तुमच्या लोकांचंही एकमत नाही. आणि खरं सांगू? मला तर काही फारसं जाणवत नाही.

आत्या : जाणवत नाही? अरे, ढगात शिरल्यावर तुला काय जाणवतं?

सहवैमानिक : म्हणजे?

आत्या : विमान हळूहळू कलत असतं आणि अंग सांगत असतं, सरळ चाललंय. तेव्हा अंगाचं ऐकतोस की समोरच्या यंत्रांच्या काट्यांचं?

सहवैमानिक : काट्यांचं. तुम्हीच ओरडून ओरडून शिकवलंत.

आत्या : मग ही काटे वाचून सांगते तर तुझ्या पोटात का दुखतं? एखादा काटा बिघडेल. सगळे एकच सांगायला लागले की समजायचं, चुकतंय ते आपलं अंग. ह्यांची भांडणं किती आणि केव्हा ह्यावर असतात. होतंय की नाही, ह्यावर नाही. बरोबर ना गं?

भाची : बरोबर... आत्या, तू माझा लेख वाचलास?

आत्या : विश्रांतीच्या खोलीत दुसरं करायचं काय? अर्धा कळला.

सहवैमानिक : अर्धा? आम्हाला बसवून वाचून दाखवलात तो! आणि आजची घोषणा—

आत्या : तू नीघ. तुझी गाडी लागली असेल.

भाची : कसली घोषणा?

सहवैमानिक : सांगितलं नाही? उतरायच्या आधी मॅडम प्रवाशांशी बोलल्या. मला वाटलं, आभार वगैरे. तर म्हणतात, "आज माझ्या घरच्यांची एक खिडकी रिकामी आहे. ती माझ्या भाचीची. ती जगाला जे सांगते, ते माझ्यासाठीसुद्धा मोडत नाही. तिचं म्हणणं ऐकायला मला सोपं जात नाही. पण ती आमच्या घरातली आहे, ह्याचा मला अभिमान आहे." मग मागून एकच टाळी. तुमच्या वडिलांची होती म्हणे.

आत्या : ब्रेक नाहीत म्हटलं ना मी!

भाची : आत्या...

आत्या : रडू नकोस. गणवेश भिजेल.

भाची : मग फोन का नाही उचललास?

आत्या : फोनवर जमलं नसतं. तिथे कसं, दार बंद होतं. समोर फक्त आभाळ. कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. आणि राग होताच. अजून आहे थोडा.

सहवैमानिक : मला मात्र सगळं पटलेलं नाही हं.

भाची : लगेच पटवून घेऊच नका. भांडा. फक्त आकडे बघून भांडा.

सहवैमानिक : पाठवा तो लेख, बघतो. येतो, मॅडम. तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसायला मिळालं, हे मी म्हातारा होईपर्यंत सांगणार आहे.

आत्या : जा रे. आणि उतरताना घाई करू नकोस. करतोस तू.

भाची : त्याच्यापुढे माझी बाजू घेतलीस.

आत्या : बाजू कसली? तुझं बरोबर होतं. पण एक सांगून ठेवते, माझी उड्डाणं वाया गेली असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तुलासुद्धा.

भाची : वाया? तो बर्फ मला पहिल्यांदा दाखवला कुणी? तुझ्याच विमानात होते. तू घोषणेत म्हणालीस, "डावीकडे बघा, डोंगर पांघरूण घेऊन झोपलेत." सगळ्यांना वाटलं, प्रवाशांसाठी आहे. मला ठाऊक होतं, माझ्यासाठी आहे. तेव्हापासून मी तेच पांघरूण मोजते.

आत्या : आखूड झालंय गं ते. वरून मलाही दिसतं.

भाची : परत कधी निघताय?

आत्या : संध्याकाळच्या विमानाने, दादा-वहिनींबरोबर. प्रवासी म्हणून, मागे बसून. आणि आधीच सांगते, मी काही तुझ्या रेल्वेत बसणार नाही. माझे गुडघे बोलतात.

भाची : मी म्हटलं का बस म्हणून?

आत्या : म्हटलं नाहीस. बघितलंस.

भाची : तू आपली विमानाने जा. मी माझ्या गाडीने येते.

आत्या : म्हणजे मी आधी पोचणार.

भाची : पोचशीलच.

आत्या : तुझी गाडी तिकडे कधी पोचते, ते सांगून ठेव. स्टेशनवर घ्यायला येते.