बिनलेबलचे डबे

चहा जरा निवू द्या, आधी हे ऐका. आमचे बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता खडकीत माझ्याकडेच असतात. माझी भाची आता लष्करात कॅप्टन आहे. परवा ती रजेवर आली, तेव्हा आजोबांना दाखवायला फौजेचं नवं जेवणाचं पाकीट घेऊन आली. पिशवीत पाणी ओतलं की आतला राजमा-चावल आपोआप गरम. ना गॅस, ना काडी.

बाबा वाफेकडे बघत राहिले. म्हणाले, "आम्ही वर डोंगरातल्या चौकीत असताना स्टोव्हवर एका पातेल्यात बर्फ वितळवून सगळ्यांचे टिनचे डबे त्यातच टाकायचो. पाण्यात लेबलं सुटायची. कुठल्या डब्यात काय, कुणालाच पत्ता नाही. आमच्या तुकडीतल्या बलबीरला मासळी हवी असायची, त्याच्या डब्यात हमखास अननस! मग शिव्या, मग अदलाबदल."

"आता ती भानगडच नाही, आजोबा. ज्याचं त्याचं पाकीट, आत काय ते वर छापलेलं."

बाबांनी दोन घास खाल्ले. आता नावं ठेवणार, म्हणून मी तयारच होतो.

"चव उत्तम आहे," ते म्हणाले. "आमच्या डब्यांना ही चव नव्हती. पण स्टोव्ह कोण पेटवतं?"

"स्टोव्ह लागतच नाही ना आता!"

बाबांनी चमचा खाली ठेवला.

"मग तुम्ही सगळे बसता कशाभोवती?"