बॅगचा कडता

मी पोरीकडं दुबईले गेलतो ना, तवाची गोष्ट. विमानात बॅग पंचवीस किलोचीच चालते म्हने. घरी वजनकाटा नाही, म्हनून बॅग उचलली अन् दारव्ह्याच्या मार्केटात रफिकभाईकडं नेली. माहं सोयाबीन तीस वर्षांपासून त्याच्याच अडतीत जाते. त्यानं बॅग काट्यावर ठेवली, चष्मा वर केला अन् म्हने, "पंचवीस. जा बिनधास्त."

विमानतळावर काउंटरवरची पोरगी म्हने, "काका, सत्तावीस आहे. दोन किलो काढा."

मी तिथूनच फोन लावला. "भाई, इथं तर सत्तावीस भरून राह्यली!"

"बराबर हाय. माह्या काट्यावरबी सत्तावीसच भरली होती."

"मंग पंचवीस काहून सांगतलं?"

"बारदान्याचे दोन किलो कापले ना भाऊ! आतला माल पंचवीसच हाय. रिकाम्या बॅगचं वजन कोन धरते?"

आता बोला. पोत्याच्या नावानं हा मानूस वजनातून कडता कापते, म्हनून मी दर हंगामात त्याच्याशी भांडलो. पन बॅगमदे घरच्या तुरीची डाळ होती, पोरीनं खास मांगतलेली, अन् तेच काढा लागत होती. मी फोन खिशात टाकला, काउंटरवर दोन्ही हात टेकवले अन् त्या पोरीले म्हनलं, "मॅडम, तुमी बॅगचा कडता काहून नाही कापला?"