काठी अर्धी मात्रा मागे

– छे, तसं नव्हे. मुळापासून सांगते, म्हणजे गैरसमज राहायला नको. सन दोन हजार अठरा, महिना नोव्हेंबर, थंडी नुकती पडू लागलेली – तेव्हा ही गाणी रचणारी मुलगी वरच्या खोलीत राहायला आली. बसा, खोली नंतर पाहाल. खुर्ची ओढू नका, उचलून ठेवा. हं. तर अटी मी सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या होत्या – जुनी मॅट्रिक आहे मी – दुपारी दोन ते चार संपूर्ण शांतता. आणि हिने अल्बम ध्वनिमुद्रित करायला वेळ कोणती निवडावी? बरोब्बर सव्वादोन! का, तर म्हणे, ‘काकू, तेव्हा रस्ता शांत असतो.’ अगं, रस्ता शांत असतो कारण माणसं झोपलेली असतात!

वाद्यं म्हणाल तर एक लाकडी गिटार आणि गळा. विजेचं काही नाही. बायका काम करता करता गुणगुणतात तसल्या चाली, शब्द तिचे. मी काय केलं – जळमटं काढायची लांब काठी घेतली आणि छताला ठोकली, ठक ठक. निषेध म्हणून. पहिल्या दिवशी निषेधच होता, ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशीही – बहुतांशी. पुढे मी धृपद येईपर्यंत थांबू लागले. कडव्याच्या मध्येच ठोकणं असभ्य दिसतं, दुसरं काही कारण नाही.

जानेवारीत मात्र तिला फेब्रुवारीअखेर खोली सोडायला सांगितलं. ‘शांत भाडेकरू पाहिजे’ ही जाहिरातही दिली – तुम्ही वाचलीत तीच. तिने खोकी बांधली आणि जिन्यात जाता येता एक सीडी माझ्या हातावर ठेवली. मागे छापलंय – ‘काठी : खालच्या काकू’. म्हणजे माझी ठकठक तिने काढलीच नव्हती! मी संतापाने काठी माळ्यावर फेकली.

काय म्हणालात? कोणाला आवडेल असला अल्बम? चांगलं विचारलंत. चादरींच्या घड्या घालणाऱ्यांना आवडेल. लांबच्या प्रवासात खिडकीशी बसणाऱ्यांना. ज्यांच्या घरी चहाचा एकच कप विसळावा लागतो, त्यांना – असो. नाचायला उठणाऱ्याची निराशा होईल. मला? माझा प्रश्नच नाही; मी फक्त अकरा वेळा ऐकला, चुका काढायला.

आणि चूक निघाली ना! परवा आमच्या जाऊबाईंना फोनवरून त्यातलं पाचवं गाणं ऐकवलं – कोणाचं ते सांगितलं नाही. तर म्हणतात कशा, ‘मुलगी गोड गाते हो, पण ती काठी कोण बडवतंय? अर्धी मात्रा मागे पडतंय.’ मागे! चाळीस वर्षं त्यांची पोळी तव्यावरून वेळेवर उतरली नाही, आणि त्या मला मागे म्हणतात!

तेव्हा आज, गुरुवार, एकवीस फेब्रुवारी दोन हजार एकोणीस रोजी, सकाळी मी वर गेले, सगळी खोकी सोडायला लावली आणि बजावलं – पाचवं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित होत नाही, तोवर ही खोली सोडायची नाही. हसली मेली.

मग तुम्हाला बसवलं कशाला? माळ्यापर्यंत माझा हात पोचत नाही, आणि तुम्ही चांगले उंच आहात. ती काठी – हो, तीच – द्या इकडे. सव्वादोन झाले. निघा आता, आणि दार हळू लावा. उगाच तुमचा आवाज त्यात यायचा.