पेन्रोजबाईंच्या विहिरीचं पाणी

मेरीलँडमधल्या आरोग्य खात्याच्या फाटकापाशी इंग्रिड बसची वाट पाहत होती. तिच्या पुढे खात्यातून नुकतेच कामावरून काढलेले दोघे हातात खोकी घेऊन उभे होते; त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"डेझमंड, तुझं ओळखपत्र कधी बंद पडलं?"

"नऊला. तुझं गं, लोर्ना?"

"साडेनऊला. पाण्यातल्या शिशावरचं माझं पत्रक अर्धंच राहिलं. आणि तुझ्या त्या पेन्रोजबाई? विहिरीच्या तपासणीची कागदपत्रं मागणाऱ्या?"

"फाइल तयार होती. फक्त शेवटच्या पानावरची शेजाऱ्यांची नावं काळ्या शाईनं झाकायची होती."

"अरे, एका पानासाठी अडवलीस?"

"नाव उघडं गेलं तर खटला होतो, बाई."

"आता कोण पाठवणार?"

"माहितीच्या अर्जांचा आमचा विभागच बंद केला. कोण राहिलंय?"

"शिसं किती निघालं?"

"मर्यादेच्या सहापट."

"देवा! मग आत्ताच फोन कर ना!"

"नंबर आत संगणकात आहे. दर सोमवारी त्याच फोन करायच्या. विचारायच्या, धाकटीला हे पाणी देऊ का?"

"तू काय सांगायचास?"

"तुमचा अर्ज रांगेत आहे."

"आणि तुला आकडा ठाऊक होता?"

"आठ महिने."