उंचबाई पाणी पिते तेव्हा

—मोडलं नाही ना हिचं कुठं? नुसता खांदाच लचकलाय? मग ठीक आहे, डॉक्टर. बसा, त्या गवताच्या गठ्ठ्यावर बसा, रिपोर्ट काय, सावकाश लिहा. लिहा की जिराफ घसरली, फरशी ओली होती — फरशी धुतली कोणी? सापवाल्यानं. आम्ही त्याला सापवालाच म्हणतो. वीस वर्षं सापांत काढली त्यानं, तो विभाग बंद झाला तसा साहेबांनी माझ्या गळ्यात मारला. माणूस वाईट नाही — वाईट आहे असं मी कुठं म्हटलं? बोलतो फार, एवढंच. म्हणे पृथ्वी सगळ्यांनाच खाली ओढते, त्या ओढीशी झगडतच एकेकाचं अंग घडलंय. झाडावर चढणाऱ्या सापाचं हृदय डोक्याकडे सरकलंय, समुद्रातल्या सापाचं पार मधल्या अंगाला, कारण त्याला पाणीच तोलून धरतं. असेल बुवा. पण उंचबाईचं तो मला सांगणार? — उंचबाई म्हणजे हीच, नाव मीच ठेवलं — अकरा वर्षं तिच्या लेंड्या झाडतोय मी. रक्त एवढ्या उंच मेंदूपर्यंत चढवायचं म्हणून दहा-अकरा किलोचं हृदय, आणि पायांची कातडी अशी आवळलेली, नाहीतर सगळं रक्त खुरांत उतरायचं. हे मला ठाऊक नाही?

आणि पाणी पिताना पाहिलंय तिला? पुढचे पाय फाकवून, मान पार जमिनीला. रक्त डोक्यात कोसळू नये म्हणून मानेच्या शिरेत झडपा आहेत, पण तशी वाकलेली असताना चटकन पळता येत नाही ना — म्हणून परक्यासमोर ती पीतच नाही. माझ्यासमोर पहिल्यांदा प्यायली ती दोन वर्षांनी. दोन वर्षं भिंतीला पाठ लावून उभा राहायचो, खोकला आला तरी गिळायचो. बायको म्हणायची, माझ्यासाठी कधी असे थांबलात का हो? आणि त्या सापवाल्यासमोर? चौथ्या दिवशी. तो आपला शीळ घालत बादली विसळतोय आणि ही गटागटा पितेय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

महिनाभर गिळलं मी हे. आज सकाळी आलो तर पुन्हा तेच. हातात फावडं होतं, ते दाराला लागलं — लागतंच की कधी — आवाज झाला, तिनं मान एकदम वर घेतली आणि पाय सावरायच्या आत बसलीच खाली. तो धावला. तिच्या मानेशी गुडघे टेकून म्हणत राहिला, ऊठ उंचबाई, ऊठ. आणि उठली ती, डॉक्टर, त्याच्या आवाजावर. मी तिथंच, फावडं घेऊन.

काय? दाराचा पत्रा? तो जुनाच चेपलाय. म्हणजे... एकदा लागलं असतं तर एवढा चेपला नसता, असं म्हणायचंय ना तुम्हाला? तीनदा. तीनदा मारलं. त्यानं पाहिलं होतं मला. तरी तुम्हाला काय सांगितलं त्यानं? चूक माझी, फरशी मी धुतली. आपलीच बदली होईल हे माहीत असून. त्यातही हाच पुढे, बघा.

लिहा मग. तीनदा, असंच लिहा. आणि निघा आता, डॉक्टर — मला चारा टाकायचाय.