औसगांगला उतरायचं होतं

...मोबाईलच्या मशीनला इचारा म्हणं! अवो, मशीनला काय इचारू? मशीनचं गाव कोणतं, मशीनचे सोयरे कोण? तुमाला सांगतो, अख्ख्या जर्मनीत रस्ता सांगायला एक तोंड रिकामं न्हाई! ज्याच्या त्याच्या कानात गाण्याची बोंडं, ज्याची त्याची मान खाली. मग सांगा बरं, माणसानं इचारायचं कुणाला?

मी व्यंकटराव. राणीसावरगावचा. गंगाखेडला माझं बी-बियाणाचं दुकान. दुकानापुढं दिवसभर लोक थांबतात, ‘मालक, तहसील कुठं? मालक, दातांचा दवाखाना कुठं?’ आन मी हातातलं गिऱ्हाईक सोडून पार कोपऱ्यापर्यंत जाऊन दाखवतो. आपल्या एष्टीत बसा, तिकीट निघायच्या आत शेजारच्यानं तुमचा मामा कोण ते काढलेलं असतं! आन तिथं? गाडी भरून माणसं आन सगळी गप. मयतीला आल्यावानी म्हणावं, तर मयतीत बी लोक इतके गप नसतात!

तर आमचा जीवन तिथं नोकरीला हाय. औंदा उन्हाळ्यात त्यानं बोलावलं, मला आन त्याच्या आईला, बायनाबाईला. पहिले काही दिस फिरवलं. मग त्याचं हाफिस सुरू झालं. म्हणला, ‘बाबा, आज घरीच बसा.’ कामून? मी काय कोंबडी हाय का, डालग्याखाली बसायला? म्हणलं, आमी बाजार बघून येतो. म्हणला, ‘मग मोबाईल बघत जा. त्यात गाडी दिसती, टेशन दिसतं, सगळं दिसतं.’ म्हणलं, ‘देवानं तोंड दिलंय की!’ आन तो मोबाईल टाकून दिला बायनाबाईच्या पिशवीत.

आता माझी हुशारी बगा. घराजवळच्या टेशनावर गाडीत बसायच्या आधी मी पाटीवरचं नाव वाचून घेतलं. मोठ्या अक्षरात, बाण बिण काढून लिवलेलं... औसगांग! म्हणलं, लय सोपं! लातूरकडचं औसा घ्यायचं आन त्याला आपलं गंगाखेड जोडायचं. बायनाबाईला म्हणलं, ‘जीवनची आई, ध्यानात ठीव. येताना औसगांगला उतरायचं.’ ती म्हणली, ‘पण अवो, ही पाटी तर तिकडं बी...’ म्हणलं, ‘तू गप.’

बाजार बघितला. द्राक्षाचा घड नुसता हातात धरला तर दुकानदारीण अंगावर आली! द्राक्षं काय लांबून वळखायची असतात? ते जाऊ द्या. येताना गाडीत बसलो. एक टेशन आलं. काचेतून बघतो तर, औसगांग! पण टेशन काही आपलं वाटंना. आपल्या टेशनावर फुलाचं दुकान होतं, हितं नुसती भिंत. म्हणलं, उतरून कुणाला तरी इचारतो. बायनाबाई म्हणायली, ‘अवो बसा, मोबाईलमदी बघू.’ म्हणलं, ‘दम धर!’ आन उतरलो. एका दाढीवाल्याला म्हणलं, ‘भाऊ, औसगांग?’ त्यानं कानातलं बोंड काढायच्या आत दारं धप्पकन बंद! कंडाक्टरची घंटी न्हाई, ‘चला चला’ न्हाई, काही न्हाई! काचेच्या आत बायनाबाई हात हलवायली, आन गाडी गेली की वो!

तुमाला सांगतो, ती बाई कधी परभणीला एकटी गेली न्हाई. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं तरी मी पुढं आन ती मागं. आता ती कुठं उतरंल? तहान लागली तर पाणी कसं मागंल? आन इचारायचं कुणाला?

दाढीवाल्याचा दंड धरला. म्हणलं, ‘मला औसगांगला जायचंय! बायको गेली माझी!’ त्यानं जिन्याकडं बोट केलं. पळत वर गेलो. वर एक म्हातारी कुत्रं घिऊन उभी. ‘मावशी, औसगांग?’ तिनं दाराकडं बोट केलं. दारातून भायेर पडलो तर काय? रस्ता! मोटारी! टेशनच संपलं! पुन्यांदा आत. पुन्यांदा एकाला, ‘औसगांग?’ पुन्यांदा तेच दार! अरे, म्हणलं, बायको माझी गाडीत गेली आन तुमी मला भायेर कामून हाकलायलात? सगळा देश मिळून एका माणसाची चेष्टा करायलाय! तिसऱ्यांदा खाली आलो आन फलाटावर मटकन बसलो. आन तेवढ्यात भोंगा बोलायला लागला, ‘खर्रर्र... फेंकाट राऽओ... खर्रर्र...’ मला वाटलं, आता कुणाला तरी फेकायलेत!

मग समोरून गाडी आली. दार उघडलं, आन आतून कोण उतरावं? आमची बायनाबाई! वर्दीतल्या एका धिप्पाड बाईचा हात धरून, दुसऱ्या हातात बिस्किट! वर्दीवालीनं माझ्याकडं बोट केलं. आन बायनाबाईनं मान हलवली, ‘हेच.’

तिनं काय केलं होतं, तर पुढच्याच टेशनावर उतरून ह्या बाईचा हात धरला आन चक्क मराठीत सांगितलं, ‘बाई, आमचे मालक हरवले वो.’ मग मोबाईल काढून जीवनला लावून दिला. त्यानं त्यांच्या भाषेत सांगितलं, आन भोंग्यात माझ्या नावाचा पुकारा झाला! ते ‘फेंकाट राऽओ’ म्हंजे मीच!

मी म्हणलं, ‘मी हरवलो? मी? गाडीत बसून तू गेलीस!’

तर शांतपणे म्हणली, ‘मी गाडीतच होते. गाडी कुठं चालली ते सगळ्यांला ठाव होतं. तुमी कुठं चालले, ते तुमाला तरी ठाव होतं का?’

लय राग आला. पण काय सांगू... तिनं हातातलं बिस्किट मोडून अर्धं माझ्या हातावर ठिवलं, आन मी ते खाल्लं. वर्दीवालीनं मला पाण्याची बाटली दिली आन लहान लेकराला थोपटावं तशी पाठ थोपटली. इज्जतीचा पार भुगा!

संध्याकाळी जीवन हसून हसून लोळला. म्हणला, ‘बाबा, औसगांग म्हंजे गाव न्हाई. भायेर जायचा रस्ता! परत्येक टेशनावर असतो.’ मग गाढवांनो, तसं लिवा की! नुसता बाण काढून माणसानं काय समजायचं, आन इचारायचं कुणाला?

आता जीवननं पुढल्या उन्हाळ्याला परत बोलावलंय. मी म्हणलं, मी मेलो तरी येणार न्हाई. बायनाबाई म्हणली, ‘नका येऊ. मी एकटी जाते.’ आन जाईल वो ती! तिनं आतापासून त्या मोबाईलवर जर्मन शिकायला सुरुवात केलीय. भाकरी थापता थापता ‘डांके, डांके’ करून तव्याचे बी आभार मानायली! काल म्हणली, ‘यायचंच असलं तर या. पण गाडीत हात सोडायचा न्हाई, आन मला इचारल्याबिगर उतरायचं न्हाई.’

अख्ख्या गंगाखेडला रस्ता दाखवणारा माणूस मी... काय म्हणणार?

म्हणलं, ‘बरं.’