मळकट काच

इस्पितळात तपासणीच्या खिडकीपुढच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. भावजयीच्या गळ्यावर पट्टी होती, आणि बोलणं सगळं नणंदेचं.

"सुईने थेंबभर काढलं, आणि म्हणे त्यातून गाठीतले जनुकांचे बदल कळणार. कापून बघायची धमक नाही, दुसरं काय."

"वन्सं, गाठ श्वासनलिकेला चिकटलीय. या तपासणीवरूनच औषध ठरणार आहे."

"तुला कुणीही गुंडाळतं."

"काच आणलीत?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. "तिच्यावर पसरलेल्या गाठीतल्या पेशीच खरवडून तपासायच्या आहेत."

"ही घ्या. आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा, लोकांच्या हातात असल्या बरबटलेल्या काचा देत जाऊ नका. जांभळे डाग नुसते. शी."

मुलीने काच उजेडात धरली. "डाग कुठे गेले?"

"जातील नाहीतर काय? सकाळी साबण लावून घासलीय मी. हिला तेवढंही सुचत नाही."

मुलीने काच हळूच खाली ठेवली.

"परत टोचावं लागेल का हो?" भावजयीने पट्टीवर हात ठेवला. "मागच्या वेळी रक्त थांबता थांबेना."

"लागेल."

"बघ," नणंद म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? यांना एकदा टोचून काही कळत नाही."